स्प्रिंगा बदलल्या, सायलेन्सर बदलला, आणि आता गाडी खडखडते, घुमते : तपासणी कुठून सुरू करायची

पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस, एक-दोनदा पुंटो अबार्थसुद्धा. जुळे सोलापुरातल्या माझ्या दारासमोर या गाड्या येऊन थांबतात तेव्हा कहाणी जवळपास एकच असते. मालकाने पुण्याहून गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा नाहीतर कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा, उंची बदलता येणारा एकत्र संच) मागवलेले, त्यासोबत सायलेन्सरची मागची लाइन बदललेली, आठवडाभर फोटो काढून झालेले, आणि पंधराव्या दिवशी गाडी वाजायला लागलेली. बसवणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मालक, नवीन पार्ट हाय, थोडा आवाज येणारच."

नवीन पार्टचा आवाज येत नसतो. वाकडा बसवलेल्या पार्टचा येतो, किंवा जो आपल्या रस्त्यांसाठी घ्यायलाच नको होता त्याचा येतो. दुसरं कारण खरं की नाही हे पहिलं तपासल्याशिवाय कळत नाही. लोक मात्र उलट करतात. चाळीस हजारांच्या स्प्रिंगा वाजल्या की लाखाचे कॉइलओव्हर बघायला लागतात, आणि तेही वाजतात, कारण बोल्ट आवळणारा हात तोच.

मी मिस्त्री नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स पाहतो. चाळीस लूम एकदम चालू असताना कुठलं बेअरिंग गेलंय हे कानाने ओळखायची सवय तिथली. गाडी माझी पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरची, आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याच मी स्वतःच्या पैशाने केल्या आहेत.

आधी लक्षणं

तुमच्या गाडीला यातलं नेमकं काय होतंय ते वहीत लिहा. "आवाज येतो" एवढं पुरत नाही.

- हळू वेगात, फुटक्या डांबरावर पुढून बारीक खडखड. वेग वाढला की कमी वाटते.
- गतिरोधकावर एकच जाड धप्प, हाडापर्यंत जाणारा.
- जागेवर स्टिअरिंग पूर्ण फिरवताना खालून "टंग" असा झटका.
- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा बसून शांत होण्याऐवजी दोन-तीन झोके घेते.
- सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर टिकटिक, जी गाडी तापली की बंद होते.
- हायवेवर एका ठराविक वेगाला कानात दडा बसवणारा घुमारा.
- वळणावर किंवा गाडी भरलेली असताना खालून ठण्ण.
- सावकाश चालवताना, खड्डा नसतानाही जुन्या दारासारखी कुरकुर.
- पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेले.
- डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा.

एका गाडीला यातली तीन-चार लक्षणं एकदम असतात. कारणं मात्र सहसा वेगवेगळी निघतात, म्हणून एका वेळी एकच धागा पकडायचा.

डिकी रिकामी करा

हसू नका. होटगी रोडवरून एक जण आला होता, महागडे कॉइलओव्हर, मागून खडखड, तीन ठिकाणी दाखवून झालेलं. स्टेपनीखालचा जॅक त्याच्या खाचेतून सुटला होता. पंक्चर काढताना बाहेर काढला आणि परत नुसता टाकून दिला. सोबत शेंगाचटणीची एक स्टीलची बरणीही निघाली, ती पुण्याला भावाकडे जायची राहिली होती म्हणे.

डिकी, दारांचे कप्पे, सीटखालचं सगळं बाहेर काढा. सीटबेल्टची बकलं अडकवून ठेवा. स्प्रिंग कडक झाली की आधी न हलणाऱ्या वस्तू हलायला लागतात, म्हणून ही तपासणी सस्पेन्शन बदललेल्या गाडीला जास्त लागू पडते.

मग हवा. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने आकडा छापलेला असतो. तपासणी सकाळी, गाडी एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय चढतो, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना पंपावर मोजलेला आकडा काहीच सांगत नाही. "कडक झाली हो गाडी" या तक्रारीत चाळीस पीएसआय भरलेले टायर मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

आवाज कशाच्या मागे धावतो

खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी. शेजारी एक माणूस बसवा, एसी आणि गाणी बंद करा, आसरा चौकातून विमानतळाकडे पहाटे निघा. रस्ता मोकळा असतो तेव्हाच.

एकाच वेगाने, समजा ताशी ६०, दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवा. आवाज बदलला तर तो इंजिनच्या फेऱ्यांच्या मागे धावतोय, म्हणजे सायलेन्सरची लाइन. गिअर बदलूनही तोच राहिला आणि फक्त वेगाबरोबर वाढला, तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. तिथे सायलेन्सरला दोष देऊ नका. खड्ड्याशिवाय येतच नसेल तर सस्पेन्शन, किंवा लटकणारी एखादी गोष्ट. माझ्या पोलोत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, आहे. तो लवकर वरचा गिअर टाकून इंजिन खालच्या फेऱ्यांत ठेवतो. घुमारा नेमका तिथेच येत असेल तर हाताने एक गिअर खाली ओढून बघा. गेला तर निदान झालं.

गार गाडीखाली हात घाला

गार म्हणजे दोन-तीन तास उभी. चालू गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात कॅट) काही शे अंश तापतो, आणि त्याचा चटका एकदा बसला की माणूस पुन्हा घाई करत नाही.

मागच्या टोकाला धरून पाइप वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. हलायला हवाच, तो रबरांवर लटकलेला असतो. पण हलताना कुठे टेकला तर तोच तुमचा ठण्ण. मागची बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई), तिच्यावरून गेलेला पाइप, टाकीचा पट्टा, बंपरची खाच या जागा टॉर्च लावून बघा. टेकलेल्या जागी धातू घासून चकाकतो, शोधायला लागत नाही.

इथे एक गोष्ट बसवणारे हमखास विसरतात. पाइप तापला की लांब होतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा जास्त पसरतं. अडीच मीटरची लाइन सरासरी तीनशे अंशांनी तापली तर ती जवळपास सव्वा सेंटीमीटर वाढते. गॅरेजमध्ये गार गाडीवर अर्धा सेंटीमीटर फट ठेवून "बसला बघा मस्त" म्हटलं, तर मोहोळपर्यंत जाईतो तो पाइप बीमला टेकणार. मागे सरकायला जागा हवी आणि इंजिनकडच्या टोकाला लवचिक जोड शाबूत हवा. फट कमी वाटली तर फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडावरच्या चकत्यांचे, बोल्ट ढिले करून लाइन थोडी फिरवून पुन्हा आवळली की बऱ्याचदा काम होतं.

लटकवणारी रबरं बघा. चिरा दिसल्या, किंवा दाबून कडक लागली, तर बदला; शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. नव्या सायलेन्सरला जुनी रबरं वापरणं म्हणजे नव्या लूमखाली झिजलेले पॅड घालण्यासारखं. वजन बदललेलं असतं आणि वर आपल्याकडचा उन्हाळा.

हीट शील्ड, म्हणजे पाइपवरचा तो पातळ पत्रा, मुठीने ठोका. खणखणला तर त्याचा बोल्ट गंजून सुटलाय. मोठी स्टीलची होज क्लिप पाइपभोवती घालून पत्रा आवळून टाका. पत्रा काढून फेकू मात्र नका. त्याच्या वर गाडीचा तळ, वायरी आणि कुठे कुठे पेट्रोलची लाइन असते.

टिकटिक आणि साबणाचं पाणी

गार इंजिन चालू केल्यावर टिकटिक आणि दोन-तीन मिनिटांत बंद, हे जोड गळत असल्याचं लक्षण. धातू पसरला की फट स्वतःहून मिटते म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

इंजिन गार असतानाच चालू करायचं, मदतनीसाने जाड ओल्या फडक्याने मागचं तोंड क्षणभर अर्धवट दाबायचं, आणि तुम्ही जोडांपाशी ऐकायचं. फुस्स ऐकू आलं की जागा सापडली. नाहीतर स्प्रेच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक फ्लँजवर मारा, बुडबुडे येतील तिथे गळती. उघड्यावर करा, बंद गॅरेजात नाही.

नुसत्या आवाजासाठी हे सांगत नाही. गळती पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, अॅव्हरेज पडतं. आणि गळती केबिनखाली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. लांबच्या प्रवासात डोकं जड होणं, मळमळणं असं होत असेल तर खिडक्या उघडा, गाडी थांबवा, आणि जोड दुरुस्त होईपर्यंत ती चालवू नका.

एक केबल टाय

धप्प आवाजासाठी पाच रुपयांचं यंत्र. शॉकअपच्या चकचकीत रॉडवर, धुळीचं रबर वर सरकवून, एक बारीक केबल टाय बांधा. घट्ट नको, हाताने सरकेल इतपत. खाली शॉकअपच्या नळकांड्यापर्यंत सरकवून ठेवा आणि रोजच्या रस्त्याने ऑफिसला जाऊन या. टाय किती वर सरकला तेवढा शॉकअप दाबला गेला. तो बंप स्टॉपमध्ये, म्हणजे वरच्या फोमच्या ठोकळ्यात खोलवर घुसला असेल तर तुमची स्प्रिंग नव्हे, तो ठोकळाच गाडी झेलतोय.

हिशोब सोपा आहे. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली म्हणजे दाबायला उरलेल्या अंतरातून चाळीस मिलिमीटर कायमचे गेले. मूळचे ऐंशी असतील तर निम्मे उरले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या नियमावलीच्या १९८८ च्या आवृत्तीत गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा सांगितला होता. आपल्या गल्लीत लग्नाच्या आदल्या रात्री सिमेंट कालवून घातलेला गतिरोधक कुठल्या कागदात बसतो ते तुम्हीच बघा. अशा रस्त्यावर चाळीस मिलिमीटर देऊन टाकणं मला परवडलं नाही. मी वीसवर आलो.

टाय ठोकळ्यापर्यंत जात नाही, पण गाडी झोके घेते? मग शॉकअप. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. तीस टक्के कडक स्प्रिंग त्याच्या गळ्यात बांधली की तिचा उसळा त्याला आवरत नाही, आणि साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेला शॉकअप तर आधीच थकलेला असतो. अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर विषय संपला. बदला, आणि एका अॅक्सलचे दोन्ही एकदम.

कापलेल्या स्प्रिंगा असतील तर पुढचं काही वाचू नका, आधी त्या काढा. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, शॉकअप तोच राहतो, आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. गॅसने कापली असेल तर तिथल्या पोलादाचं पाणीही उतरलेलं असतं.

लिंक रॉड आणि वरचा माउंट

पुढची बारीक खडखड बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं आवरणारी दांडी) लिंक रॉडची. चाकं जमिनीवर असताना, स्टिअरिंग एका बाजूला फिरवून, हात घालून रॉड जोरात हलवा. एकच चाक उचललं तर बारला पीळ बसतो, झीज लपून राहते. खात्री होत नसेल आणि पाना चालवता येत असेल, तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून बाजूला बांधा आणि गल्लीतच पंधरा-वीसच्या वेगाने फिरवा. आवाज गेला तर लिंक घ्या. त्या अवस्थेत मोठ्या रस्त्यावर जायचं नाही. गाडी वळणावर जास्त झुकते.

गाडी खाली आली की बारचा कोन बदलतो आणि मूळ लांबीची लिंक तिरकी उभी राहते. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा लिंक गेली असेल तर त्याच लांबीची तिसरी घेऊ नका, आखूड घ्या.

"टंग"साठी एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने बाहेरून स्प्रिंगवर तळहात टेकवावा. स्प्रिंग अडून अडून एकदम सुटत असेल तर वरचं बेअरिंग गेलंय, किंवा स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत बसलेलं नाही. वरचा नट हवेच्या गनने मारलेला असेल तर तिसरी शक्यता : आतला रॉड नटाबरोबर फिरत राहतो, नट आवळल्यासारखा वाटतो आणि आवळलेला नसतो.

बुश, म्हणजे खरी मेख

माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्या इथे बऱ्या झाल्या, आणि एकाही मालकाला हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

लोअर आर्म म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा खालचा दांडा. त्याचा बुश म्हणजे बाहेर एक कडं, आत एक नळी, आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला घट्ट धरली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा काही घसरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता, ती त्या रबराची विश्रांतीची जागा.

आता गॅरेजात काय होतं? गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर, चाकं लटकलेली, आर्म पूर्ण खाली. त्याच अवस्थेत गन मारून बोल्ट आवळले. गाडी खाली आली, आर्म वर गेला, आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहिलं. कुरकुर तिथून येते. गाडी एका बाजूला बोटभर उंच राहते तीही बऱ्याचदा तिथूनच, आणि काही महिन्यांत रबर फाटतं ते वेगळंच. मग मालक म्हणतो, स्प्रिंगा फालतू निघाल्या.

आणि मिस्त्रीने तो बोल्ट सोडलाच नसेल तरी सुटका नाही. आर्म पस्तीस सेंटीमीटरचा धरा. गाडी चार सेंटीमीटर खाली आली की आर्म साडेसहा अंश फिरतो. बुश जुन्या उंचीला आवळलेला, म्हणजे तो आता कायम साडेसहा अंश पिळलेला. मागच्या बीमचे दोन मोठे बुश आणि शॉकअपच्या खालच्या टोकाचे बुश यांनाही हेच लागू.

उपाय : गाडी चारही चाकांवर उभी असताना हे सगळे बोल्ट ढिले करायचे, गाडी पुढून-मागून दाबून चार-पाच वेळा हलवायची, आणि तशीच उभी असताना टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आवळायचे. खड्डा असलेलं जुन्या पद्धतीचं गॅरेज यासाठी लिफ्टपेक्षा बरं. त्याहून बरी जागा म्हणजे अलाइनमेंटचा रॅम्प, कारण तिथे गाडी चाकांवरच उभी असते आणि खाली माणूस जाऊ शकतो. दोन्ही कामं एका फेरीत होतात. जर्मन गाड्यांत यातले बरेच बोल्ट आधी टॉर्क आणि मग ठराविक अंश फिरवून आवळायचे असतात. ते एकदाच वापरायचे. नवे घ्या, बोल्टात काटकसर करू नका.

पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर त्यांचा प्रकार वेगळा. ते नळीवर फिरतात आणि सिलिकॉन ग्रीस नसेल तर किंचाळतात. आपल्या धुळीत ते ग्रीस वर्ष काढत नाही. रोजच्या गाडीला मी रबरच सांगतो.

अलाइनमेंट

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा (चाकाचा उभा तिरकेपणा) टोचा हात मोठा असतो. स्प्रिंगा बसल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालू द्या, मग अलाइनमेंट करा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या. "झालं मालक" हा कागद नव्हे. मागे बीम असलेल्या पोलो, आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांत मागचे कोन फिरवायला बोल्टच नसतो, त्यामुळे मशीनच्या पडद्यावर मागचं चाक लाल दिसलं तर बीम किंवा बसवणी बघावी लागते, मशीनवाला काही करू शकत नाही.

एवढं करूनही राहिलं, तर निवड चुकली

सस्पेन्शनचं मत थोडक्यात सांगतो. गाडी रोज नवी पेठ ते विजापूर रोड करणार असेल, महिन्यातून एकदा चौघं जण आणि सामान घेऊन तुळजापूर किंवा पंढरपूर, तर आधी चांगले शॉकअप मूळ स्प्रिंगांवर घालून बघा. फोटोत दिसत नाही, पण गाडी सुधारते ती इथे. खाली आणायचीच असेल तर पंधरा ते पंचवीस मिलिमीटर, आणि स्प्रिंग-शॉकअप एकमेकांसाठी बनवलेली जोडी. कॉइलओव्हर घ्यायचे तर वरचा माउंट रबरचा असलेले. धातूच्या गोळ्याचे माउंट ट्रॅकसाठी असतात. आपल्या रस्त्यावर ते वाजतात, आणि ते वाजणं दुरुस्त होत नाही. उंचीसाठी खालचा ब्रॅकेट वेगळा फिरणारा हवा, म्हणजे गाडी खाली आणली तरी शॉकअपचं अंतर शाबूत राहतं. शॉकअपच्या कडकपणाचं क्लिकचं सेटिंग मऊ बाजूने सुरू करा. उंची बदलायच्या चुडीवर (आट्यांवर) धूळ-चिखल बसून ती जाम होते, दर सर्व्हिसला ब्रश मारा.

सायलेन्सरचा घुमारा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे लोक फार पैसे घालवतात.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट. मिनिटाच्या फेऱ्यांना तीसने भागा, आवाजाची वारंवारता मिळते : २४०० फेऱ्यांना ८० हर्ट्झ. तीन सिलिंडरला चाळीसने भागायचं, तिथे ६० येतात. केबिनची पोकळी या खालच्या सुरांना साथ देते, म्हणून बाहेर उभ्या माणसाला गोड वाटणारा सायलेन्सर आत बसलेल्याचं डोकं उठवतो. तुमचा घुमारा कुठल्या फेऱ्यांना येतो तो आकडा लिहून ठेवला असेल तर उपाय मोजून करता येतो. लाइनला एक बंद टोकाची फांदी जोडायची, जिची लांबी त्या लहरीच्या पाव असेल. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला साधारण ४८० मीटर धावतो. ८० हर्ट्झला लहर सहा मीटरची, पाव म्हणजे दीड मीटर. ६० हर्ट्झला दोन मीटर. एवढा पाइप छोट्या गाडीखाली मावत नाही, म्हणून तीन सिलिंडरवाल्यांनी मधला रेझोनेटर (घुमारा मारणारा डबा) काढूच नये. काढला असेल तर परत बसवा. माझ्याकडे आलेल्या घुमणाऱ्या गाड्यांचा रेझोनेटर बहुतेक वेळा काढलेला होता, तिथे सरळ पाइप होता. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँला उभं राहिल्यासारखं वाटायचं आत.

सहा महिन्यांनी आवाज आपोआप वाढला असेल तर सायलेन्सरच्या आतली काचलोकर जळून उडालीय. उघडून पुन्हा भरता येणारा डबा असेल तर भरा, नाहीतर डबा बदला.

आणि ताकद? टर्बो गाडीत कॅटच्या मागची लाइन बदलून हाताला लागेल इतकी ताकद मिळत नाही. आवाज हवा म्हणून घ्या, पण स्वतःला तसं सांगून घ्या. एक लिटरच्या आसपासच्या टर्बोला सव्वादोन इंचांपेक्षा मोठा पाइप घालू नका. फक्त आवाज पोकळ होतो.

कॅट काढायचा नाही. चेक इंजिनचा दिवा आणि पी ०४२० हा कोड तिथून येतो, पीयूसीत गाडी अडकते, आणि मागच्या गाडीत बसलेल्याने काय पाप केलंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. १८२ अ (४) खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर १९० (२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवतीचे शंभर मीटर तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. मूळ सायलेन्सर आणि मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा. विमा कंपनीला बदल कळवा. मोठ्या अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

इथे थांबा

स्प्रिंग दाबून शॉकअपमधून काढणं घरी करायचं नाही. दाबलेली स्प्रिंग क्लॅम्पमधून निसटली तर माणूस मरतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आधी घोडी (आधाराला लावायचा स्टँड) लावायची.

स्टिअरिंगमध्ये मोकळेपणा, बॉल जॉइंट हलतोय, ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर नव्या शॉकअपला घासतेय, स्प्रिंगला तडा, पेट्रोलचा वास : यातलं काहीही दिसलं तर गाडी टो करून न्या, चालवत नाही. वेल्डिंगचं काम टाकीजवळ असेल तर टाकीची काळजी घेणाऱ्या, बॅटरी सोडवून काम करणाऱ्या माणसाकडेच. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगचा किंवा ईएसपीचा (गाडीचं घसरणं आवरणारी यंत्रणा) दिवा राहिला तर अँगल सेन्सर स्कॅनरवर शून्य करावा लागतो, तो पाच मिनिटांचा खेळ आहे पण स्कॅनर हवा.

मिस्त्रीकडे जाताना वहीतला कागद द्या : कुठला आवाज, किती फेऱ्यांना, कुठल्या चाकाकडून, काय काय तपासून झालं. आणि एकच मागणी ठामपणे करा, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळायचे. "असं कुणी करत नाही मालक" म्हणाला तर किल्ली परत घ्या. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरांनी फ्लँजचे आणि शॉकअपचे बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे, सकाळी, गाडी गार असताना. माझ्या पोलोत या फेरीत मागच्या फ्लँजचा एक नट अर्धा फेरा ढिला मिळाला, आणि तो मीच आवळलेला होता.